रेडिओ नेट म्हणजे काय? नेट कंट्रोल स्टेशन कसं चालवतात?



आपत्ती व्यवस्थापन शिकवताना आपण मुलांना सांगतो, की मोबाईल आणि फोन बंद पडले तर हॅम रेडिओ कामी येतो. मुलं ते वाक्य पाठ करतात, पेपरात लिहितात, एक गुण मिळतो. पण त्याच्या पुढचा प्रश्न वर्गात सहसा कुणी विचारत नाही. पन्नास जणांकडे रेडिओ आहेत आणि पन्नासही जण एकदम बोलायला लागले, तर काय होईल? उत्तर सोपं आहे. कुणाचंच काही ऐकू येणार नाही. म्हणून आजच्या पाठात आपण रेडिओ यंत्राबद्दल थोडं आणि ते पन्नास जण सांभाळणाऱ्या माणसाबद्दल जास्त शिकणार आहोत. त्या माणसाला म्हणतात नेट कंट्रोल.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात आणि ऐकूही शकतात. साध्या रेडिओवर तसं होत नाही. सेटच्या बाजूला एक बटण असतं. ते दाबलं की तुम्ही बोलता, सोडलं की ऐकता. दाबून ठेवलेलं असताना जग बुडालं तरी तुम्हाला कळणार नाही, कारण तुमचा कान त्या वेळी बंद असतो. आणि सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर असल्यामुळे एका वेळी एकच जण बोलू शकतो. अशा एकाच फ्रिक्वेन्सीवर ठरलेल्या वेळी किंवा ठरलेल्या कामासाठी जमलेल्या स्टेशनांना नेट म्हणतात. नेट दोन प्रकारचं असतं. मोकळ्या नेटवर ज्याला ज्याच्याशी बोलायचं तो बोलतो, फक्त भान ठेवून. नियंत्रित नेटवर मात्र कंट्रोल स्टेशनला विचारल्याशिवाय कुणी कुणाला हाक मारत नाही. पूर, भूकंप, मोठी यात्रा, मॅरेथॉन अशा वेळी नियंत्रित नेटच लागतं.

आता समजा, आज कंट्रोलच्या खुर्चीवर तुम्ही आहात.

बसण्यापूर्वी टेबल बघा. वही आणि दोन पेन्सिली. पेन्सिलच का? पेन ऐनवेळी चालत नाही आणि पावसात शाई पसरते. हेडफोन हवाच, कारण खोलीतला पंखा, शेजारी बोलणारी माणसं आणि क्षीण सिग्नल यांत नेहमी क्षीण सिग्नल हरतो. चार्ज केलेली जादा बॅटरी. भिंतीवर किंवा हातात घड्याळ, चोवीस तासांच्या पद्धतीने वाचायचं. देशाबाहेरची स्टेशनं नेटवर असतील तर आंतरराष्ट्रीय वेळ वापरतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक बदली माणूस. तुमचा सेट बंद पडला, अँटेना वाऱ्याने खाली आली, तर नेट कोण हातात घेणार हे नेट सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. हा बदली कंट्रोल शक्यतो तुमच्यापासून लांब, दुसऱ्या जागी असावा. दोघंही एकाच इमारतीत असाल आणि तिथली वीज गेली तर बदली असून उपयोग काय?

मग फ्रिक्वेन्सी ऐकायची. मिनिटभर नुसतं ऐकायचं. कुणी बोलत नसलं तरी विचारायचं, "ही फ्रिक्वेन्सी कुणी वापरतंय का?" उत्तर आलं नाही तर सुरुवात. सुरुवातीची घोषणा साधारण अशी असते (इथे खरी हॅम कॉलसाईन न देता कामाची नावं घेतली आहेत, प्रत्यक्षात परवान्यावरची कॉलसाईनही सांगावीच लागते):

"सर्व स्टेशन, सर्व स्टेशन. हे नियंत्रण. पूरमदतीचं नेट आता सुरू होत आहे. नेट नियंत्रित आहे. माझ्या परवानगीशिवाय कृपया बोलू नका. कुणाकडे तातडीचा संदेश असेल तर त्याने आत्ता बोलावं. ओव्हर."

आणि मग गप्प. पाच सेकंद, दहा सेकंद. नवीन माणसाला ही शांतता खायला उठते. त्याला वाटतं, सेट बंद पडला की काय! पण हजेरीच्या आधी तातडीचा संदेश विचारायचा हा क्रम मोडायचा नाही. ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याला वीस जणांची हजेरी संपेपर्यंत थांबवणं हा कसला न्याय?

हजेरी

शाळेत हजेरी घेताना आपण नावं पुकारतो, कारण यादी आपल्या हातात असते. नेटवर बहुतेक वेळा कोण आलंय हेच माहीत नसतं. तुम्ही म्हणालात, "चला, या सगळे," की सात जण एकदम बटण दाबतात. याला दुहेरी पडणं म्हणू या. आता इथे थोडं विज्ञान. हातातले वॉकीटॉकीसारखे सेट एफएम पद्धतीचे असतात. एफएमवर दोघं एकदम बोलले तर ज्याचा सिग्नल जोरदार, त्याचाच आवाज येतो आणि दुसरा पूर्ण पुसला जातो. दोघांचे सिग्नल सारखे असतील तर नुसती कर्कश करकर. लांब पल्ल्याच्या बँडवर एसएसबी पद्धत असते. तिथे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून ऐकू येतात, आणि कान तयार असेल तर त्यातून एखादं अक्षर पकडता येतं.

एफएमवरची ही गोष्ट फार गंभीर आहे. कारण पुसला गेलेला माणूस पुसला गेलाय हे कंट्रोलला कळतच नाही. जोरदार सेटवाला, उंच गच्चीवर अँटेना लावलेला माणूस प्रत्येक वेळी पहिला नंबर लावतो. दरीतल्या गावातून, हातातल्या पाच वॅटच्या सेटवरून बोलणारा तिसऱ्यांदा हाक मारतो, चौथ्यांदा मारतो, आणि शेवटी थांबतो. पुरात मदतीची गरज जास्त कुणाला असते? बहुतेक वेळा त्या दुसऱ्यालाच.

म्हणून चांगला कंट्रोल हजेरी तुकड्यातुकड्याने घेतो. "फक्त नदीच्या पश्चिमेकडची गावं." मग "फक्त पूर्वेकडची." मग "फक्त चालत्या गाडीतली स्टेशनं." आणि प्रत्येक तुकडीनंतर आवर्जून, "ज्यांचा सिग्नल क्षीण आहे, फक्त त्यांनी बोला. बाकी सगळे थांबा." काही कंट्रोल तर क्षीण सिग्नलवाल्यांनाच आधी घेतात. मला विचाराल तर तेच बरोबर आहे. जोरदार आवाजवाला शेवटी आला तरी ऐकू येणारच आहे.

अर्धवट ऐकू आलं तर "पुन्हा बोला, पुन्हा बोला" असं सगळ्यांना म्हणायचं नाही, नाहीतर परत सातही जण बोलतील. जेवढं पकडलं तेवढं सांगायचं. "ज्याच्या नावात शेवटी 'वाडी' आहे, फक्त ते स्टेशन." आता एकच जण बोलतो. दोघांना एकमेकांचं ऐकू येत नसेल पण तुम्हाला दोघांचंही येत असेल, हेही नेहमी घडतं, विशेषतः मध्ये डोंगर असेल तर. ते दोघं मुद्दाम एकमेकांवर बोलत नाहीत, त्यांना दुसरा आहे हेच माहीत नाही. अशा वेळी चिडायचं नाही. "पूल स्टेशन, तुम्ही थांबा. शाळा स्टेशन, बोला." दोन वाक्यांत प्रश्न सुटतो.

आणि एखादं स्टेशन तुम्हाला अजिबात ऐकू येत नसेल तर? मधल्या कुणाला तरी ते ऐकू येत असेल. "डोंगरवाडीचं कुणाला ऐकू येतंय का? रिले करा." ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, हे फार होतं. दिवसा काहीशे किलोमीटरपर्यंतचं चांगलं ऐकू येतं, आणि रात्र झाली की लांबची स्टेशनं जवळ येतात पण जवळची गायब होतात. लहरी वरच्या वातावरणातल्या आयनांबरावरून परत येतात आणि तो थर दिवसरात्र बदलत असतो, म्हणून असं होतं. संध्याकाळी नेट चालवणाऱ्याने हा बदल गृहीत धरूनच बसायचं.

संदेश

हजेरी झाली की तुमच्या वहीत एक यादी तयार असते. कोण आहे, कुठे आहे, कुणाकडे कुणासाठी संदेश आहे. आता क्रम लावायचा. जिवाशी संबंध असलेला संदेश पहिला. मग मदतकार्याचा, म्हणजे औषधं, बोटी, रस्ता. मग खुशालीचे, "आम्ही सुखरूप आहोत, मामाकडे आहोत" असे. साधे निरोप सगळ्यात शेवटी. दोन स्टेशनांना एकमेकांशी लांबलचक बोलायचं असेल तर त्यांना दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पाठवायचं आणि काम झालं की परत येऊन कळवायला सांगायचं. वहीत त्यांच्या नावापुढे बाण काढून ठेवा, नाहीतर अर्ध्या तासाने त्यांना हाका मारत बसाल.

संदेश कसा लिहायचा? क्रमांक, कुणाकडून, कुणाला, किती वाजता, मजकूर आणि मजकुरातले शब्द किती. शब्दसंख्या कशासाठी, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. घेणाऱ्याने मजकूर लिहिला, शब्द मोजले, आणि तुम्ही सांगितले बारा पण त्याच्याकडे भरले अकरा, तर एक शब्द वाटेत पडला. तो शब्द "नको" असेल तर? "औषध पाठवू नको" आणि "औषध पाठवू" यांत फरक एकाच शब्दाचा आहे.

आता खास आपल्या भाषेची अडचण. रेडिओवर आवाजाची पट्टी अरुंद असते, साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ. त्यात ब-भ, त-थ, द-ध यांतला श्वासाचा फरक बराचसा पुसला जातो. इंग्रजी अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी ठरलेली यादी जगभर चालते. मराठी नावं सांगताना आपण "भटजीचा भ", "धरणाचा ध" असं सांगू शकतो. आकड्यांचं तर विचारूच नका. सदतीस आणि सदुसष्ट. एकोणसाठ आणि एकोणसत्तर. खरखरीत ऐकून बघा, वेगळे ओळखता येतात का ते. म्हणून आकडा नेहमी दोनदा, एकदा अंक सुटे करून: "सदुसष्ट, सहा-सात." २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवतं ना? त्या वादात मी आत्ता पडत नाही. पण वायरलेसवर सुटे अंकच वाचवतात.

गावांच्या नावांचीही तीच गत. वडगाव किती आहेत महाराष्ट्रात! पिंपळगाव किती! एकाच तालुक्यात बुद्रुक आणि खुर्द शेजारी शेजारी असतात, मध्ये ओढा असतो आणि ओढ्याला पूर आलेला असतो. "वडगावला बोट पाठवा" एवढ्यावर बोट निघाली तर ती ओढ्याच्या चुकीच्या काठावर जाऊन उभी राहील. कंट्रोलने इथे विचारलंच पाहिजे: "कोणतं वडगाव? बुद्रुक की खुर्द? तालुका सांगा." विचारायची लाज वाटू देऊ नका. घेणाऱ्याने संदेश परत वाचून दाखवला आणि पाठवणाऱ्याने "बरोबर" म्हटलं, तरच वहीत बरोबरची खूण.

काही शब्दांचा अर्थ मुलांना नीट सांगा, कारण सिनेमात ते सर्रास चुकीचे वापरतात. "ओव्हर" म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. "आऊट" म्हणजे माझं संपलं, उत्तर नको. त्यामुळे "ओव्हर अँड आऊट" याला काही अर्थच उरत नाही. "रॉजर" म्हणजे तुमचं सगळं ऐकलं, एवढंच. 'हो' किंवा 'करतो' असा त्याचा अर्थ नाही. "बोट पाठवता का?" या प्रश्नाला "रॉजर" असं उत्तर आलं तर कंट्रोलने पुन्हा विचारायचं, "पाठवता की नाही?"

अंदमान, डिसेंबर २००४

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एक खरी घटना बघा. भारती प्रसाद या भारतीय हॅम डिसेंबर २००४ मध्ये एक गट घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून हॅम रेडिओ चालवायची परवानगी फार क्वचित मिळत असे, त्यामुळे तिथल्या स्टेशनशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून जगभरचे हॅम धडपडत होते. २६ डिसेंबरच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळाला भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. बेटांवरचे संपर्क तुटले. छंदासाठी लावलेलं ते स्टेशन त्याच दिवशी आपत्कालीन स्टेशन झालं. पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीवरच्या हॅमकडे माहिती आणि खुशालीचे निरोप जाऊ लागले. पुढे कार निकोबारवरही हॅम स्टेशन लागलं.

आता कंट्रोलच्या नजरेने याचा विचार करा. पोर्ट ब्लेअर ते चेन्नई हजार किलोमीटरहून जास्त, मध्ये नुसता समुद्र. हातातला सेट तिथे निरुपयोगी. अशा अंतराला दिवसा २० मीटरचा बँड, म्हणजे १४ मेगाहर्ट्झ, उपयोगी पडतो. पण तोच बँड जगभर ऐकू जातो. म्हणजे कालपर्यंत ज्या स्टेशनला हाक मारायला शेकडो जण रांगेत होते, त्या सगळ्यांनी आज गप्प बसायला हवं. ज्याच्या भावाचा, मुलाचा निरोप त्या फ्रिक्वेन्सीवरून येणार असतो, त्याच्या दृष्टीने एखाद्या अनोळखी हॅमचं गप्प राहणं हीच त्या दिवशीची मदत होती. नेटवर आलेल्या बहुसंख्य लोकांचं काम ऐकणं हेच असतं. "माझ्याकडून काही मदत हवी का?" असं दर पाच मिनिटांनी विचारणारा भला माणूस नेटला त्रासच देतो. त्याला गोड शब्दांत थांबवणं हेही कंट्रोलचंच काम.

मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मोबाईल लागेनासे झाले. तंत्रज्ञान नंतर खूप पुढे गेलं, पण टॉवरला वीज लागते आणि गर्दी झाली की जाळं तुंबतं, हे आजही खरं आहे.

कंट्रोलचा स्वभाव

कंट्रोलला सुंदर आवाज लागत नाही. लागतो तो सारखा आवाज. तुम्ही घाईने, चढ्या सुरात बोललात की दोन मिनिटांत अख्खं नेट त्याच सुरात बोलायला लागतं. वर्गातही असंच होतं, आपण सगळे जाणतो! बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आणि दोन बोलण्यांच्या मध्ये दोन-तीन सेकंदांची फट ठेवा. या फटीतूनच तातडीचा माणूस आत येऊ शकतो. कुणी "ब्रेक" म्हणालं तर चालू संदेश तिथेच थांबवायचा. "सगळे थांबा. ब्रेक म्हणणारं स्टेशन, बोला." कधीकधी एखादा विघ्नसंतोषी मुद्दाम शिट्ट्या वाजवतो, गाणी लावतो. त्याच्याशी एक शब्दही बोलायचा नाही. त्याला उत्तर हवं असतं, तेच द्यायचं नाही.

दर दहा-पंधरा मिनिटांनी नेटचं नाव, कारण आणि तुमची ओळख पुन्हा सांगा, उशिरा आलेल्यांना बोलवा. दोनेक तासांनी खुर्ची बदला, दमलेल्या कानाला सदतीस आणि सदुसष्ट सारखेच वाटतात. खुर्ची देताना वहीसुद्धा द्यायची, आणि कोणते संदेश अर्धवट आहेत ते तोंडी सांगून मगच उठायचं. काम संपलं की नेट बंद झाल्याचं स्पष्ट सांगून फ्रिक्वेन्सी मोकळी करायची.

वर्गात करून बघा

हॅम रेडिओवर बोलायला परवाना लागतो. परीक्षा देऊन तो मिळतो आणि बारा वर्षांपुढची मुलंही ती देऊ शकतात. विनापरवाना बोलणं गुन्हा आहे, त्यामुळे ऑनलाइन मिळणारा सेट आणून वर्गात सुरू करू नका. या उपक्रमाला सेट लागतच नाही.

मी चौथीच्या वर्गात असं करते. मुलांना भिंतीकडे तोंड करून बसवायचं, म्हणजे हातवारे बंद. प्रत्येकाच्या हातात खोडरबर. ते वर धरलं तरच बोलायचं, आणि धरलेलं असताना दुसऱ्याचं ऐकलेलं धरायचं नाही. एकाला कंट्रोल करायचं, त्याच्याकडे वही. चार मुलांना व्हरांड्यात पाठवायचं. त्यांनी कुजबुजत्या आवाजातच बोलायचं, ती आपली क्षीण स्टेशनं. दाराजवळच्या मुलाला त्यांचं ऐकू येतं, कंट्रोलला येत नाही. चिठ्ठ्यांवर संदेश लिहून द्यायचे, त्यातली एकच चिठ्ठी जिवाची, आणि ती व्हरांड्यातल्याच मुलाकडे द्यायची.

पहिल्या फेरीत माझ्या वर्गात ती चिठ्ठी शेवटपर्यंत आत आलीच नाही. एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी ती घेऊन बाहेर उभी होती. दुसऱ्या फेरीत कंट्रोल झालेल्या मुलाने स्वतःहूनच विचारलं, "बाहेरचं कुणी आहे का? बाकीच्यांनी गप्प राहा!" ते मी त्याला शिकवलेलं नव्हतं. दाराजवळच्याने रिले केला आणि वडगाव खुर्दची चिठ्ठी पोचली, आकड्यासकट.

एका तासिकेत दोन फेऱ्या आरामात होतात. फेरी संपली की कंट्रोलची वही आणि मूळ चिठ्ठ्या शेजारी ठेवा, आणि कुठला शब्द, कुठला आकडा जुळत नाही ते मुलांनाच शोधू द्या. न जुळणारी चिठ्ठी कुणाकुणाच्या हातून गेली ते फळ्यावर बाणाने काढा. पुढच्या फेरीत कंट्रोल मात्र वेगळं मूल असू द्या.